जालन्यात पाणी १०० अंशाला उकळत नाही

पाणी किती अंशाला उकळतं? सहावीतल्या कुठल्याही पोराला विचारा, ते डोळे मिटून सांगेल : १०० अंश सेल्सिअस. हे उत्तर मुंबईत, चौपाटीवर उभं राहून दिलं तर बरोबर आहे. जालन्यात चूक आहे. जालना समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचावर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा कमी, त्यामुळे पाणी ९८ आणि ९९ च्या मधेच कुठेतरी उकळायला लागतं. महाबळेश्वरला ९५-९६ ला, लेहमध्ये तर ८८ च्या आसपास.

तुम्ही म्हणाल, दीड अंशानं काय आभाळ कोसळतं? नाही कोसळत. पण जरा वेगळा प्रश्न विचारू. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीनं खरंच पातेल्यात पाणी ठेवलं, थर्मामीटर बुडवला, ९८.४ वाचलं आणि वहीत ९८.४ लिहिलं, तर तिला गुण मिळतील की लाल रेघ? याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. माझं भांडण त्या लाल रेघेशी आहे.

माझं म्हणणं एवढंच : 'पदार्थाच्या अवस्था आणि गुणधर्म' हा शाळेतला सगळ्यात सोपा समजला जाणारा धडा आपण सगळ्यात वाईट शिकवतो, आणि त्याची किंमत परीक्षेत नाही, भट्टीवर आणि मोंढ्यात मोजावी लागते.

रीडिंग 'काढायचं' असतं

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोड बरोबर चालतो की नाही हे बघायला टेस्ट लिहितात. एखाद्यानं टेस्ट पास व्हावी म्हणून अपेक्षित उत्तरच कोडमध्ये चिकटवून ठेवलं, तर त्याला रिव्ह्यूमध्ये चारचौघांत सोलून काढतात. शाळा-कॉलेजात याच कामाला 'रीडिंग काढणं' म्हणतात. आधी उत्तर माहीत असतं, मग उलटं गणित करून तक्ता भरायचा, एखाद्या ठिकाणी ०.२ चा फरक टाकायचा म्हणजे खरं वाटतं. माझ्या शाळेत तर रीडिंग फळ्यावर लिहून दिली होती. थर्मामीटर कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं, कारण फुटला तर भरून कोण देणार?

गंमत अशी, की ज्याच्या नावानं आपण अंश मोजतो त्या अँडर्स सेल्सिअसला हे सगळं माहीत होतं. १७४२ मध्ये त्यानं आपली मोजपट्टी मांडली तेव्हाच लिहून ठेवलं होतं, की पाण्याचा उत्कलनांक हवेच्या दाबानुसार बदलतो. (त्याची मूळ पट्टी उलटी होती, उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणबिंदूला शंभर. नंतर ती सुलटी झाली.) पुढे लोकांनी याचाच उलटा उपयोग केला. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४० च्या दशकाच्या अखेरीस सिक्कीमच्या हिमालयात फिरला, तेव्हा उंची मोजायला त्याच्यापाशी उत्कलनबिंदूचा थर्मामीटर होता. पाणी उकळायचं, तापमान वाचायचं, त्यावरून आपण किती उंचावर आहोत ते काढायचं.

म्हणजे बघा. ९८.४ हे चुकीचं उत्तर तर नाहीच, उलट ते १०० पेक्षा श्रीमंत उत्तर आहे. त्यात पाणी आहे, हवा आहे आणि मराठवाड्याचं पठारही आहे. त्या मुलीनं एका पातेल्यात आपल्या गावाची उंची मोजली. आपण मात्र तिला सांगतो, पुस्तकात बघ, तुझं चुकलंय.

पुस्तकाची बाजू मांडणारे म्हणतील, पुस्तकांत 'सामान्य वातावरणीय दाबाला' असे शब्द असतात की! असतात. पण ते गाइडमध्ये अर्धे होतात आणि परीक्षेत पूर्ण गळतात. रिकाम्या जागेत '१००' एवढंच मावतं.

तीन खोके

स्थायू, द्रव, वायू. तीन खोके. समोर यादी : दगड, दूध, ऑक्सिजन, लोखंड, तेल, वाफ. योग्य खोक्यात टाका. गुण तीन.

या प्रश्नातच गोची आहे. अवस्था ही वस्तूची जात नाही. तुम्ही मागवलेली बिर्याणी 'ऑर्डर घेतली', 'वाटेत आहे', 'पोचली' अशा अवस्थांतून जाते. म्हणून कोणी बिर्याणीला 'पोचलेल्या प्रकारचा पदार्थ' म्हणत नाही. लोखंडाचंही तसंच. 'लोखंड स्थायू आहे का?' या प्रश्नाला तापमान सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. १५३८ अंशांच्या खाली स्थायू, वर द्रव. गॅलियम नावाचा धातू २९.८ अंशांना वितळतो. जानेवारीच्या सकाळी जालन्यात तो टेबलावर खड्यासारखा पडून राहील, मे महिन्यात त्याच टेबलावर त्याचं थारोळं होईल. कुठल्या खोक्यात टाकायचा?

गॅलियम लांब राहिला. न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली घ्या. खोबरेल साधारण २४ अंशांच्या आसपास थिजतं. डिसेंबरात आई बाटली उन्हात ठेवते, नाहीतर गरम पाण्यात बुडवते. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. पण तेच पोर शाळेत 'तेल - द्रव' असं लिहितं, आणि त्याच्या मनात शंकासुद्धा येत नाही, कारण घरातलं तेल आणि धड्यातलं तेल ही दोन वेगळी तेलं आहेत हे त्याला पहिलीपासून शिकवलेलं असतं.

आता एक खरा प्रश्न. द्रवाची व्याख्या : भांड्याचा आकार घेतो, ओतता येतो. ज्वारी पोत्याचा आकार घेते. ज्वारी ओतता येते. मग ज्वारी द्रव का नाही? माझ्या मते हा प्रश्न त्या धड्यातल्या सगळ्या स्वाध्यायांपेक्षा मोठा आहे, आणि ज्या वर्गात तो विचारला जातो त्या वर्गात बहुतेक वेळा 'गप बस' हे उत्तर मिळतं. खरं उत्तर कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराच्या डोळ्यांसमोर आहे. ज्वारीची रास होते. पाण्याची रास होत नाही. दाणे एकमेकांवर घासतात, एका ठरावीक उतारापर्यंत तग धरतात. पाणी कितीही ओता, ते सपाट होईपर्यंत थांबत नाही. शिवाय प्रत्येक दाणा आपला आकार सोडत नाही. व्याख्या कुठे अपुरी पडते आणि ती कशी नेमकी करायची, हे दहा मिनिटांत एका पायलीभर ज्वारीवर शिकवता येतं. याला स्मार्ट बोर्ड लागत नाही.

आणि काळी माती? उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, बुटाला किलोकिलोनं चिकटते, अजून भिजली की वाहते. तीच माती, फक्त पाणी वाढत गेलं. ती कुठल्या ओलाव्याला मळता येते आणि कुठल्या ओलाव्याला वाहू लागते, याच्या सीमा स्वीडनच्या आल्बर्ट अॅटरबर्गनं १९११ मध्ये मांडल्या. आजही रस्ता किंवा इमारत बांधण्याआधी सिव्हिल इंजिनिअर त्या तपासतात. सहावीतल्या पोरानं विचारलं, 'सर, चिखल कुठल्या खोक्यात?', तर सरांनी खुर्चीवरून उठून टाळी वाजवायला हवी.

त्या धड्यासोबत येणारी चित्रंही अशीच. स्थायूत गोळे खेटून, द्रवात जरा सुटे, वायूत लांब लांब. यूट्यूबवरच्या महागड्या अॅनिमेशनमध्येसुद्धा अनेकदा द्रवातले गोळे चांगले हातभर अंतरावर तरंगत असतात. खरं तर द्रवातले रेणू स्थायूतल्याइतकेच जवळपास खेटलेले असतात, फक्त जागा सोडून सरकू शकतात. म्हणून तर पाण्यानं भरलेली इंजेक्शनची सिरिंज तोंडावर बोट ठेवून दाबली तर दबत नाही, हवेची दबते. पाण्याच्या बाबतीत तर बर्फातच रेणू जास्त ऐसपैस असतात, म्हणून बर्फ तरंगतो. ते चित्र खरं मानलं तर बर्फ बुडायला हवा. सरबताच्या ग्लासात रोज दिसणारी गोष्ट चित्राच्या विरोधात साक्ष देते, आणि आपण साक्षीदारालाच बाहेर काढतो.

सगळ्यात जास्त राग मला भाषेचा येतो. मराठी माणसाच्या तोंडात या धड्याचं अर्धं शास्त्र आधीच आहे. साखर विरघळते, मेण वितळतं. इंग्रजी शाळेतली पोरं ज्या दोन शब्दांत हमखास गोंधळतात, तिथे आपली आजी कधी चुकत नाही. तूप थिजतं, पाणी गोठतं. विहीर आटते, दूध आटवतात, कपडे वाळतात, कापूर उडून जातो. यातला प्रत्येक शब्द वेगळी क्रिया पकडतो. धडा या शब्दांना हात लावत नाही. तो 'संप्लवन' आणतो, 'संघनन' आणतो, आणि ते शब्द अनोळखी म्हणून मुलं पाठ करतात. पारिभाषिक शब्दांशी माझं वैर नाही. पण आधी 'कापूर का उडतो?' असं विचारा, मग त्या उडण्याला नाव द्या. नाव आधी आणि कापूर कधीच नाही, ही पद्धत कुणी काढली?

भट्टीवर

जालना म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. भंगार वितळवून त्यापासून बांधकामाची सळई करण्याचे कारखाने जालन्याच्या एमआयडीसीत एकाला लागून एक आहेत. म्हणजे पदार्थाच्या अवस्था बदलणं हा या शहराचा धंदाच आहे. तरी इथल्या मुलांना स्थायूपासून द्रव होण्याचं उदाहरण दिलं जातं ते मेणबत्तीचं.

टीएमटी सळईचंच बघा. लालभडक सळई रुळांमधून बाहेर पडते आणि पाण्याच्या फवाऱ्यांतून जाते. वरचा थर झटक्यात थंड होऊन कडक होतो, आतला गाभा सावकाश निवतो आणि लवचिक राहतो. तुमच्या घराचा स्लॅब या जोडीवर उभा आहे. हा सगळा बदल लोखंड स्थायू असतानाच घडतो, अणूंची मांडणी बदलून. तीन खोक्यांच्या हिशेबात तर इथे काहीच घडलं नाही. आधी स्थायू, नंतर स्थायू. शहराचं पोट ज्या घटनेवर चालतं, ती घटना धड्याला दिसतच नाही.

आता पाण्याकडे या. एक लिटर पाण्याची १०० अंशाची वाफ झाली की ती साधारण सतराशे लिटर जागा मागते. आणखी तापली तर आणखी जास्त. हा आकडा वर्गात सांगितला तर गमतीदार वाटतो. भट्टीत तोच आकडा जीव घेतो. वितळलेलं पोलाद १६०० अंशांच्या आसपास असतं. त्यात ओलं भंगार पडलं, किंवा आत पाणी अडकलेली एखादी बंद नळी पडली, तर ते पाणी रसाच्या खाली जाऊन क्षणात वाफ होतं. वाफेला जागा हवी असते, ती डोक्यावरचा रस उडवून जागा करते. पोलाद वितळवणाऱ्या जगभरच्या कारखान्यांत हा सगळ्यांत ओळखीचा धोका आहे. म्हणून भंगार कोरडं ठेवा, बंद डबे कापून मगच टाका, असे नियम असतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीशी स्फोट झाला आणि वीसहून जास्त कामगार जखमी झाले. त्या स्फोटाचं कारण ठरवणं चौकशीचं काम, माझं नाही. कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारीही मालकाची आणि सरकारची आहे. ती सहावीच्या धड्यावर ढकलून कुणी सुटू नये. पण पावसाळ्यात भंगाराच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसाला 'हे ओलं आहे, मी टाकणार नाही' असं म्हणायला ताकद लागते, आणि त्या ताकदीचा एक भाग माहितीतून येतो. नियम भिंतीवर लिहिलेला असतो. नियमामागचं कारण ज्याला कळलंय तोच घाईच्या शिफ्टमध्ये तो पाळायला लावतो. 'पाण्याचे वाफेत रूपांतर होण्याच्या क्रियेस काय म्हणतात?' याचं अचूक उत्तर देऊन पास झालेल्या मुलाला हे कारण आपण कधी सांगितलं होतं का?

ओलावा कोण मोजतं?

भट्टी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मोंढा येतो. सोयाबीन घेऊन गेलेल्या माणसाला विचारा, दराच्या आधी कशावरून वाद होतो. ओलाव्यावरून. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरलेली असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामासाठी ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. एवढ्या तीन टक्क्यांवर राज्याचं राजकारण तापलं होतं. 'पदार्थाचे गुणधर्म' म्हणतात ते हेच.

गणित सोपं आहे. १५ टक्के ओलाव्याच्या एक क्विंटल सोयाबीनमध्ये कोरडा माल ८५ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर वाळवला, तर वजन ८५ भागिले ०.८८, म्हणजे सुमारे ९६.६ किलो भरतं. उडून गेलं ते ३.४ किलो पाणी. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, त्या दरानं या पाण्याचे होतात सुमारे १६७ रुपये. ओलाव्यापोटी कोणी याहून जास्त कापत असेल तर तो पाणी कापत नाही, तुम्हाला कापतोय. हे आठवीतल्या मुलीला करता यावं. तिचा बाप ट्रॅक्टरपाशी उभा असताना तिनं फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे करून दाखवावं, यापेक्षा चांगली प्रात्यक्षिक परीक्षा मला सुचत नाही.

आणि मीटर? हातातलं ओलावा-यंत्र पाणी थेट मोजत नाही. दाण्यांचे विजेविषयीचे गुणधर्म मोजून त्यावरून अंदाज बांधतं. दाणा तापलेला असेल किंवा यंत्र नीट जुळवलेलं नसेल तर आकडा हलतो. पडताळायचं असेल तर जुनी पद्धत आहे : नमुना भरडून वजन करायचं, शंभराच्या थोड्या वरच्या तापमानाला वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचं, पुन्हा वजन करायचं. जो फरक आला तो ओलावा.

पण ज्या पोरानं दहा वर्षं शाळेत रीडिंग उतरवून काढलं, ते मोठं झाल्यावर मीटरवरचा आकडा कसा तपासणार? त्याला शिकवलंय काय, तर आकडा वरून येतो. शाळेत पुस्तकातून येतो, मोंढ्यात व्यापाऱ्याच्या यंत्रातून. आपलं काम तो वहीत लिहून घ्यायचं. लाल रेघेनं हे शिकवलं.

'पण तुम्ही तर इंजिनिअर झालातच ना?'

हा टोमणा ठरलेला असतो. पाठ करूनच झालात, मग बोलता कशाला? बोलतो, कारण आमच्यासारखे जे झाले त्यांच्याकडे बोट दाखवून ही पद्धत जगते. जे विज्ञानाला घाबरून बाहेर पडले त्यांची कुणी मुलाखत घेत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे : शिक्षकांना वेळ कुठे आहे? निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोज भरायची ऑनलाइन माहिती. ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे, आणि तिचा रोख शिक्षण खात्याकडे हवा. पण मी जे मागतोय त्याला वेळ जास्त लागत नाही. पाठांतरासाठी तेच वाक्य पाच वेळा वदवून घ्यायला जितका लागतो, तितकाच.

तिसरा आक्षेप : साधनं नाहीत. हे मला मान्य नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादमध्ये १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. साध्या साहित्याचे संच, मुलांनी स्वतः नोंदी करायच्या, परीक्षेत पुस्तक उघडं. तो तीस वर्षं चालला, वाढला आणि २००२ मध्ये सरकारनं बंद केला. साहित्य मिळत नव्हतं म्हणून तो बंद पडला नाही. आपल्या पुण्यात आयुकामध्ये अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून विज्ञानाची खेळणी करून दाखवली, ती फुकट बघायला मिळतात. थर्मामीटर एका पिझ्झाहून महाग नाही.

म्हणून मागण्या मोजक्या. प्रत्येक शाळेत थर्मामीटर आणि वजनकाटा कपाटाबाहेर असावा आणि फुटला तर शिक्षकाच्या पगारातून वसूल होऊ नये. उत्कलनांकाचा प्रश्न 'तुमच्या गावात पाणी किती अंशाला उकळलं?' असा विचारावा. गुण आकड्याला न देता नोंदीला द्यावेत : थर्मामीटर आधी वितळत्या बर्फात बुडवून शून्य तपासलं का, किती वेळा वाचलं, फरक का आला असं वाटतं? आणि ज्या वहीत वर्गातल्या चाळीस जणांचं उत्तर नेमकं १०० आलंय, त्या वहीवर लाल रेघ मारावी.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण गावाकडच्या एखाद्या भाच्याचे मामा किंवा पुतणीच्या आत्या असतील. दिवाळीला जाताना ड्रेससोबत एक थर्मामीटर न्या. पाणी उकळा, आकडा वाचा, आणि तो तिलाच लिहू द्या. शाळेत सर म्हणाले चुकलंय, तर सरांना नम्रपणे विचारा : सर, तुम्ही मोजलंय का?